तंबू कुठे ठोकायचा, आणि किती जणांनी?

थंडीची चाहूल लागली की मोबाइलवर तंबूंचे फोटो दिसू लागतात. पवना धरणाच्या किंवा भंडारदऱ्याच्या काठावर आता रांगेने तंबू लागतात, जेवणाचे ताट मिळते, रात्री गाणी वाजतात. या गर्दीचा कंटाळा आलेले हौशी मग जिथे कुणीच नाही अशी जागा शोधतात. तिथे हॉटेल नको, नळ नको, दिवाही नको. पाठीवरचा तंबू, सोबत आणलेले पाणी आणि डोक्यावर आभाळ एवढेच पुरे. अशा शोधात बुलढाणा जिल्हा सहज बसतो. आग्नेयेला लोणारचे विवर, मधून जाणारी अजिंठ्याची डोंगररांग, तिच्या कुशीत ज्ञानगंगा अभयारण्य, उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी अंबाबरवा, आणि या सगळ्यांच्या अधेमधे धरणांचे काठ, गायराने, उघडे माळ. नकाशावर पाहिले तर जागाच जागा.

अशा मुक्कामाला निघणाऱ्यांच्या मनात साधारण दोन प्रश्न असतात. जनावर येईल का, आणि कोणी हटकेल का? दोन्ही रास्त आहेत. पण आरोग्याच्या दृष्टीने तिसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि तो क्वचितच विचारला जातो. रात्रभर थांबलेली दहा माणसे सकाळी निघून जातात, तेव्हा मागे काय राहते, ते कुठे जाते आणि शेवटी कोणाच्या पाण्यात उतरते?

याचे उत्तर माती, पाऊस आणि माणसांची संख्या या तिघांत दडलेले आहे. थोडी माणसे, लांब लांब पांगलेली आणि रोज पुढे सरकणारी असतील, तर माती बरेच काही पोटात घेते. तीच माणसे वाढली आणि त्याच जागेवर पुन:पुन्हा आली, तर ती माती हरते. उघड्यावरच्या मुक्कामाचे सारे शास्त्र या एका फरकाभोवती फिरते.

आधीपासून मुक्कामाला असलेले

उघड्यावर राहणे ही आपल्याकडची नवी हौस नाही. मेंढपाळ धनगर आणि गायी घेऊन फिरणारे काठेवाडी वर्षातले कित्येक महिने असेच राहतात. पिके निघाली की शेतकरी त्यांना आपल्या रानात बोलावतात. रात्री मेंढ्या शेतात बसवायच्या, त्यांच्या लेंड्या आणि मूत्र जमिनीला मिळायचे आणि मोबदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळायचे, असा हा जुना व्यवहार. एकदोन रात्री झाल्या की कळप पुढच्या शेतात जातो. एका जागी फार दिवस बसला तर चाराही संपतो आणि जनावरांना रोगही होतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

या व्यवहाराला मातीशास्त्राचा भक्कम आधार आहे. थोडे थोडे खत मोठ्या क्षेत्रावर पसरले की मातीतले जीवाणू ते वेळेत पचवतात आणि त्यातला नत्र पुढच्या पिकाच्या मुळांना मिळतो. तेच खत एका जागी साचले तर नत्र पिकाला मिळण्याआधी नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर खाली झिरपतो. पांगणे आणि हलत राहणे हे या जीवनपद्धतीचे दोन खांब आहेत. शहरातून येणारा तंबूवाला मेंढपाळासारखा उघड्यावर झोपतो खरा, पण हे दोन खांब तो सोबत आणत नाही. त्याला दृश्य चांगले असलेली, गाडीरस्त्याजवळची, पाण्याकाठची जागा हवी असते, आणि मागच्या आठवड्यात फोटो टाकणाऱ्यालाही तीच जागा हवी होती.

सरकारी जमीन म्हणजे कोणाची?

अमेरिकेच्या पश्चिमेकडील वाळवंटी प्रदेशात सार्वजनिक जमिनीवर कुठेही तंबू ठोकून राहण्याची रीत आहे. तिथल्या केंद्रीय भूव्यवस्थापन विभागाकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. म्हणजे बुलढाणा जिल्ह्याएवढे शंभर जिल्हे. त्यावर बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस एका जागी राहता येते, मग मुक्काम हलवावा लागतो. समाजमाध्यमांवरचे अनेक सल्ले याच रीतीतून आलेले असतात आणि ते जसेच्या तसे आपल्याकडे उचलले जातात.

आपल्याकडची स्थिती अगदी वेगळी आहे. राखीव जंगलात परवानगीवाचून शिरणे आणि विस्तव पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. अभयारण्यात जायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली परवाना लागतो. पर्यटनासाठी तो मिळू शकतो, पण त्याच्या अटींत राहून. ज्ञानगंगा, अंबाबरवा आणि लोणार ही तिन्ही अभयारण्ये आहेत. तेव्हा तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. धरणाचा काठ जलसंपदा विभागाचा किंवा नगरपालिकेचा असतो. राहता राहिले गायरान. ते गावाच्या गुरांसाठी राखलेले असते. सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात दिला आणि त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्र शासनाने त्यानुसार निर्णय काढला. त्यामुळे गायरान ही कुणाचीच नसलेली जमीन नव्हे. ती सगळ्या गावाची जमीन आहे.

कायद्यापेक्षाही मोठा फरक लोकसंख्येचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांच्या घरात होती. चौरस किलोमीटरमागे सुमारे २६८ माणसे. नेवाडा किंवा युटाच्या वाळवंटात शेजारचे गाव पन्नास मैलांवर असू शकते. इथे कोणत्याही ओढ्याच्या काठाने दोन-तीन किलोमीटर खाली चालत गेलात तर विहीर, गुरांचे पाणी पिण्याचे ठिकाण किंवा वस्ती लागणारच. निर्जन वाटणारी जागा इथे बहुतेक वेळा फक्त त्या क्षणी रिकामी असते.

मातीला किती पेलते?

प्रौढ माणसाचे रोजचे मल साधारण सव्वाशे ते अडीचशे ग्रॅम भरते. आहारात तंतुमय पदार्थ जास्त असतील तर प्रमाण वरच्या टोकाला जाते, आणि भाकरी-भाजी खाणारा माणूस तिथेच येतो. दहा जणांचा गट दोन रात्री राहिला तर चार-पाच किलो मल मागे राहते. हे पुरून टाकले की संपले, असा सार्वत्रिक समज आहे. पंधरा-वीस सेंटिमीटर खड्डा खणावा, पाण्यापासून साठ मीटर दूर राहावे, माती ओढावी, असा नियम जगभर सांगितला जातो. तो चांगला आहे, पण त्याच्या मर्यादाही समजून घ्यायला हव्यात.

१९८२ मध्ये अमेरिकेतील टेम्पल, कॅम्पर आणि लुकास या संशोधकांनी रॉकी पर्वतात एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. जंतू मिसळलेले मल वेगवेगळ्या खोलीवर पुरून त्यांनी नंतर ते तपासले. हिवाळा उलटल्यावरही सालमोनेला आणि ई-कोलाय हे जंतू त्यात जिवंत होते आणि खड्डा किती खोल होता याने फारसा फरक पडला नव्हता. थंडीत मातीचे जीवाणू मंदावतात म्हणून असे झाले. आपल्याकडे ते काम थंडीऐवजी कोरडेपणा करतो. मल कुजायला ओलावा, उब, हवा आणि जिवंत माती लागते. पाऊस संपला की बुलढाण्याच्या उघड्या माळावर यातली फक्त उब उरते. मुरमाड, उथळ मातीत जीवाणू आधीच कमी. त्यात फेब्रुवारीनंतर ओल नाही. पुरलेले मल कुजण्याऐवजी वाळून तसेच पडून राहते. वाळवंटात नेमके हेच होते आणि म्हणूनच तिथल्या अनेक संरक्षित भागांत मल पिशवीत भरून परत नेणे सक्तीचे आहे.

आता यात आपली काळी माती आणा. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. या भेगा कधी कधी मीटरभर खोल जातात. पहिल्या वळवाचे पाणी मातीतून गाळून खाली जाण्याऐवजी भेगांतून थेट उतरते. खाली असतो बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण. त्याच्या सांध्यांतून आणि झिजलेल्या थरांतून पाणी वाहते, आणि त्याच थरांत आपल्या विहिरी असतात. वाळूतून पाणी जाताना जंतू जसे अडतात तसे ते खडकाच्या फटीत अडत नाहीत. थोडक्यात, डिसेंबरातल्या मुक्कामाचा हिशेब जूनमध्ये खालच्या गावाच्या विहिरीत चुकता होऊ शकतो. जंताची अंडी तर सावलीच्या, ओलसर मातीत वर्षानुवर्षे टिकतात.

यात एक सामाजिक विसंगतीही आहे. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. त्याआधीची काही वर्षे गावोगावी पहाटे 'गुड मॉर्निंग पथके' फिरत होती. टमरेल घेऊन निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला हटकले जात होते, गुलाबाचे फूल देऊन लाजवले जात होते, काही ठिकाणी दंडही होत होता. त्याच गावाच्या शिवारात शहरातून आलेल्या पाहुण्याने तेच करावे आणि त्याला निसर्गाच्या सान्निध्यातील अनुभव म्हणावे, हे गावकऱ्यांनी का सोसावे?

लोणार: जिथून बाहेर वाट नाही

लोणारमध्ये हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. तळाशी खारे, तीव्र क्षारधर्मी पाणी आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. काठावर गोड्या पाण्याचे झरेही आहेत. २००० साली हा परिसर अभयारण्य झाला आणि २०२० मध्ये रामसर यादीत आला. नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातील हे दुसरे रामसर स्थळ.

या सरोवराला बाहेर जाणारा एकही प्रवाह नाही. पाणी येते ते पावसाचे आणि झऱ्यांचे. जाते ते मुख्यतः वाफ होऊन. वाफ फक्त पाण्याची होते. क्षार, नत्र, स्फुरद, साबण, प्लॅस्टिक हे सारे मागे राहते. वाळवंटातली बंदिस्त खोरी अशीच वागतात आणि म्हणून तिथली सरोवरे खारट होत जातात. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत हा रंग मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा असल्याचे आढळले. कोरड्या उन्हाळ्यात पाणी आटले, खारटपणा वाढला आणि या जीवांना बहर आला. पुढे पाऊस पडल्यावर रंग ओसरला. या घटनेत माणसाचा थेट हात नव्हता. पण हे पाणी किती नाजूक तोलावर उभे आहे ते तिने दाखवून दिले. थोडा बदल, आणि डोळ्यांना दिसेल असा परिणाम.

विवराच्या उतारावर किंवा कडेवर जे काही सांडेल ते पावसाळ्यात तळाशी जाणार आणि तिथून कुठेही जाणार नाही. लोणार गावाच्या सांडपाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयात आणि कागदांवर फिरतो आहे. त्या तुलनेत चार तंबूंचा वाटा नगण्य आहे, हे मान्य. परंतु सांडपाण्यावर प्रक्रिया केंद्र उभारता येते. झुडपाआड पांगलेल्या शंभर जागांवर ते उभारता येत नाही. लोणारला मुक्काम करायचा तर तो गावात, छपराखाली आणि शौचालय असलेल्या जागीच करावा, यात दुमत असू नये.

पाणी उकळले, तरी?

उघड्यावर मुक्काम करणाऱ्यांचा दुसरा भरवसा उकळलेल्या पाण्यावर असतो. पाणी खळखळून एक मिनिट उकळले की जंतू मरतात, हे खरेच आहे. क्लोरिनच्या गोळ्यांना दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवीही त्याने मरतो. पण बुलढाण्यात पाण्याचा दोष नेहमी जंतूंचाच असतो असे नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांत भूजल खारट आहे आणि संग्रामपूर-जळगाव जामोद परिसरातील मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा गेली अनेक वर्षे होत आहे. क्षार आणि नायट्रेट उकळून जात नाहीत. उलट पाणी आटते आणि त्यांचे प्रमाण वाढते.

भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे. एकूण विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत अचानक केस गळू लागले तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला आणि पाण्यात नायट्रेट व क्षार जास्त आढळले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. कारण काहीही असो, गावकऱ्यांचा पाण्यावरचा विश्वास किती पातळ झाला आहे हे त्या दिवसांत दिसले. अशा भागात मुक्कामाला येणाऱ्याने हातपंप किंवा विहीर भरवशाची मानू नये आणि पिण्याचे पाणी सोबत आणावे. थंडीतही माणशी रोज तीन-चार लिटर लागते, स्वयंपाकासह अधिक. दहा जणांना दोन दिवसांसाठी ऐंशी लिटर म्हणजे ऐंशी किलो वजन झाले. एवढे वाहून नेण्याची तयारी नसेल तर मुक्कामाचा बेतच चुकलेला आहे.

उलट दिशेचाही विचार करायला हवा. बुलढाणा शहर पैनगंगेवरच्या येळगाव धरणाचे पाणी पिते. अशा जलाशयाच्या काठावर तंबू लावणे म्हणजे शहराच्या माठाशेजारी बसणे आहे. भांडी घासलेले साबणाचे पाणीसुद्धा तिथे ओतू नये.

रात्रीचे धोके

वाघाची भीती सर्वांना असते. २०१९ च्या अखेरीस टिपेश्वरहून निघालेला एक रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोहोचला आणि बुलढाण्याचे नाव जगभर गेले. पण ज्ञानगंगेतले नेहमीचे रहिवासी आहेत अस्वल आणि बिबट्या. अस्वल मुद्दाम माणसाच्या मागे लागत नाही. पहाटे किंवा तिन्हीसांजेला अचानक समोरासमोर आले की ते हल्ला करते. झुडपाआड शौचाला जाण्याची वेळ नेमकी तीच. तंबूत ठेवलेले अन्न आणि बाहेर टाकलेले खरकटे त्याला व मोकाट कुत्र्यांना बोलावते, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

आकड्यांत पाहिले तर साप यांच्यापेक्षा कितीतरी घातक आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाले, असा २०२० मधील एका अभ्यासाचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यात मण्यार विशेष लक्षात ठेवावी. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखत नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि मग श्वास. खोचलेली मच्छरदाणी किंवा चेन पूर्ण बंद असलेला तंबू हे यावरचे साधे आणि परिणामकारक संरक्षण आहे. दंश झालाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे टाळावे. अवयव हलू न देता रुग्णाला सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रतिविष तिथे मिळते. केंद्राने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा कृती आराखडा जाहीर केला. मात्र कोणताही आराखडा, मोबाइलची रेंज नसलेल्या दरीत १०८ ची रुग्णवाहिका आणू शकत नाही. रेंज कुठे मिळते आणि जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे दिवसाउजेडी पाहून ठेवावे.

दुसरा धोका घरी परतल्यावर दिसतो. गवतातील सूक्ष्म माइटच्या पिल्लांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत त्याने बळी घेतले होते. पावसाळा सरता सरता, म्हणजे गवत उंच आणि सहली जोरात असताना तो वाढतो. चावल्यानंतर आठ-दहा दिवसांनी ताप येतो आणि तोवर मुक्काम विसरलेला असतो. काखेत, जांघेत किंवा कमरेजवळ काळी, न दुखणारी खपली दिसली तर ती महत्त्वाची खूण समजावी. डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधाने आजार बरा होतो. पण ते वेळेत सुरू व्हायला हवे आणि त्यासाठी 'मी गवतात झोपलो होतो' हे डॉक्टरांना सांगायला हवे.

तिसरा धोका शेकोटीचा. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत घेणे जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस जागा होत नाही. बाहेर पेटवलेल्या जाळाचेही तसेच. वाळलेल्या गवतावर उडालेली एक ठिणगी डोंगर काळा करते. तो वणवा गावाचा चारा, पाखरांची घरटी आणि मातीवरचा पालापाचोळ्याचा थर खाऊन टाकतो. पुढच्या पावसात उघडी पडलेली माती वाहून जाते.

पांगावे की एकत्र राहावे?

मग मेंढपाळांसारखे पांगावे, हेच उत्तर का? इथे विज्ञान थोडे वेगळे सांगते. अमेरिकेच्या वनसेवेतील डेव्हिड कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम मुक्काम घडवून आणून गवत आणि मातीवर काय परिणाम होतो ते मोजले. अस्पर्श जागेचे बहुतांश नुकसान पहिल्या मोजक्या रात्रींतच होते, असे त्यांच्या कामातून पुढे आले. त्यानंतर तीच जागा कितीही वापरली तरी तिथले नुकसान फार वाढत नाही. मात्र सावरायला कित्येक पट अधिक काळ लागतो, आणि कोरड्या प्रदेशात तर दशकेही.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. वर्षाला पाच-दहा गट येत असतील तर त्यांनी पांगावे, प्रत्येकाने नवी जागा घ्यावी, माती सावरेल. गट शेकड्यांनी येऊ लागले तर पांगणे म्हणजे शंभर जागा बिघडवणे. तेव्हा दोन-चार जागा ठरवून त्या पक्क्या कराव्यात आणि बाकीचे रान मोकळे ठेवावे. समाजमाध्यमांच्या काळात पहिली अवस्था दुसरीत कधी बदलते ते कळतही नाही. एक गाजलेली चित्रफीत पुरते.

मोठ्या मुक्कामाचे व्यवस्थापन आपल्याला अपरिचित नाही. होळीच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीच्या यात्रेत लाखो भाविक येतात आणि त्यातले असंख्य जण उघड्यावर राहुट्या टाकून राहतात. तिथे पाण्याचे टँकर, आरोग्य पथके, शौचालये यांचा विचार प्रशासनाला करावाच लागतो. शेगावहून दरवर्षी पायी पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी ठरलेल्या गावी, ठरलेल्या शिस्तीने मुक्काम करते. पंढरीच्या वारीत 'निर्मल वारी' उपक्रमातून फिरती शौचालये आली आणि मुक्कामाच्या गावांना दिलासा मिळाला. या सगळ्यांत मुक्कामी कोण, किती आणि कुठे, हे आधी ठाऊक असते. हौशी तंबूवाल्यांबाबत यातले काहीच ठाऊक नसते.

राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले आणि त्यात नोंदणी व सुरक्षिततेवर भर आहे. व्यावसायिक आयोजक त्याच्या कक्षेत येतात. चार मित्र गाडी घेऊन निघाले तर ते येत नाहीत. ही फट भरायला नवा कायदा लागणार नाही. ज्या ग्रामपंचायतींच्या शिवारात लोक येऊ लागले आहेत त्यांनी ग्रामसभेत चर्चा करून, पाणवठ्यापासून दूर, आधीच वापरात असलेली एखादी जागा मुक्कामासाठी ठरवावी. तिथे शौचालय आणि हात धुण्याची सोय असावी, संख्येची मर्यादा असावी आणि माणशी शुल्क घ्यावे. हे पैसे त्याच गावाच्या पाण्यावर खर्च व्हावेत. जागा ठरवताना मेंढपाळांच्या वाटा आणि गुरांची चराई यांना हात लागू नये. शतकानुशतके या माळांवर थांबणाऱ्याला अतिक्रमणकर्ता म्हणून उठवायचे आणि शनिवार-रविवारच्या पाहुण्याला तीच जागा द्यायची, असा उफराटा न्याय होता कामा नये.

मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी नियम मोजके आहेत. जमीन कोणाची ते आधी विचारावे आणि परवानगी घ्यावी. अभयारण्यात आणि पाणीपुरवठ्याच्या तलावाकाठी तंबू लावू नये. पावसाळा संपल्यानंतर उघड्या माळावर मल पुरण्यापेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात भरून परत आणावे आणि शौचालयात टाकावे. बाळाचे लंगोट आणि सॅनिटरी पॅड कधीच पुरू नयेत. हात साबणाने धुवावेत, कारण उलट्या-जुलाब करणाऱ्या काही विषाणूंवर सॅनिटायझरचा पुरेसा परिणाम होत नाही. स्वयंपाकाला गॅसची लहान शेगडी वापरावी, तीही तंबूबाहेर. परतल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर मुक्कामाचा उल्लेख डॉक्टरांकडे जरूर करावा.

डबा परत आणण्याची कल्पना अनेकांना किळसवाणी वाटेल. पण ती किळस आपण न घेतल्याने नाहीशी होत नाही. फक्त दुसऱ्याच्या वाट्याला जाते. पहिल्या पावसानंतर विहिरीवर पाणी भरणारी बाई, ओढ्यात खेळणारी मुले आणि काठावर पाणी पिणारी गुरे यांना आदल्या हिवाळ्यात वर कोण राहून गेले ते कधीच कळत नाही. ते मुक्कामी गेलेल्यालाच ठाऊक असते. त्यामुळे जबाबदारीही त्याचीच.